बलून आणि राब

भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "वर गेल्यावर कसं वाटलं गं?" मी वर गेलेच नाही. वर गेले ते माझे दिनकरमामा आणि त्यांचे स्नेही रुस्तमजी. मी खाली होते. बलून उडतो तेव्हा त्याच्याखाली बरीच माणसं चालत, धावत, ठेचकाळत असतात, आणि त्यांची चौकशी कोणी करत नाही. म्हणून हे लिहायला बसले. शिवाय जव्हार-मोखाड्याचा तो मुलूख मुंबईपासून काही फार लांब नाही, तरी आमच्या गिरगावात तो पाहिलेलं एकही माणूस मला भेटलेलं नाही. तेवढ्यासाठीही लिहायला हवं.

जव्हार

डहाणूला आगगाडी सोडली आणि बैलगाड्या केल्या. गाड्यांत तेजाबाच्या मोठ्या काचेच्या बरण्या होत्या, पेंढ्यात गच्च बसवलेल्या. लोखंडाच्या किसाची पोती होती. आणि एका गाडीत, उशीसारखा घडी घालून ठेवलेला, आमचा बलून. बरण्या हिंदकळू नयेत म्हणून बैल इतके सावकाश हाकले की घाटाची बहुतेक वाट मी पायीच चढले आणि तरी गाड्यांच्या पुढेच राहिले.

जव्हार पठारावर वसलं आहे. खाली कोकणात चैत्राचं ऊन डोकं फोडत असताना इथे संध्याकाळी पदर खांद्यावर ओढून घ्यावासा वाटतो. संस्थानच्या दरबाराने पूर्वेकडच्या कडेजवळचं मैदान आम्हाला दिलं होतं. मामांचा बेत असा होता की या दिवसांत समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर स्वार व्हायचं, मोखाड्याचे डोंगर आणि पुढचा घाट ओलांडायचा आणि नाशिकच्याही पलीकडे, जितकं जाता येईल तितकं जायचं. घाट ओलांडला की पुढे सपाटी. सगळा जीव त्या घाटापाशी अडकला होता. आणि हे यंदाच व्हायला हवं होतं. बलूनचं रेशीम जुनं झालं होतं. आणखी एक उन्हाळा ते काढणार नाही हे मामांइतकंच मला ठाऊक होतं, कारण त्याच्या शिवणी माझ्या हातच्या होत्या.

शाळेत सिस्टरांनी आम्हाला इंग्रजी कविता आणि दुहेरी शिवण, दोन्ही सारख्याच कडकपणे शिकवली. कवितांचा मला अजून उपयोग झालेला नाही. जव्हारच्या मैदानात बलूनमध्ये भात्याने हवा भरून तो निम्मा फुगवला आणि मी तोंडातून रांगत आत गेले. आत पिवळट उजेड होता आणि वार्निशाचा उग्र वास. जिथे भोक असेल तिथे बाहेरचं ऊन टाचणीच्या टोकाएवढं चमकायचं. मी बोट लावायची, बाहेरून तांडेल तिथे खडूने खूण करायचा. मग बाहेर येऊन ठिगळ लावायचं.

हा तांडेल म्हणजे पांडू तांडेल, डहाणूच्या किनाऱ्याचा. दोरखंडाचं काम मामांनी त्याच्याकडे दिलं होतं. डोंगरावर आल्यापासून त्याचा चेहरा उतरला होता, आणि मामांनी त्याची चिलीम काढून घेतल्यावर तर फारच. तेजाब आणि लोखंडाच्या किसापासून करून बलूनमध्ये भरायचा वायू एका ठिणगीनेही भडकतो, म्हणून मामांनी सगळ्यांच्या विड्या, चिलमी, चकमकी गोळा करून दूरच्या एका घरात ठेवल्या होत्या.

"दर्यावर वादळात पन चिलीम नाय सोडली मी," तांडेल म्हणाला. "इथं सुक्यात सोडवली."

"वादळात बुडलास तर एकटा बुडशील," मामा म्हणाले. "इथे सगळे जाऊ."

त्याच संध्याकाळी मामा मला पठाराच्या कडेशी घेऊन गेले. खालच्या वाडीत चुली पेटल्या होत्या. धूर सरळ वर जात होता, मग एका उंचीवर जणू भिंतीला टेकल्यासारखा पूर्वेकडे वाकत होता. "वाऱ्याचे थर असतात," मामा म्हणाले. "खाली एक, वर दुसरा. आम्हाला सुकाणू नाही. हवा तो थर शोधायचा आणि तिथे जाऊन बसायचं. धूर असला की शोधावा लागत नाही." मी मान डोलावली. मी बहुतेक वेळा तेवढंच करते.

मग अंधार पडू लागला आणि पूर्वेच्या डोंगरांवर लाल रेघा दिसू लागल्या. मामांचा चेहरा बदलला.

"ते काय आहे?"

"राब जळतो," लखमा म्हणाला. हा आमचा गाडीवान, वाटेवरच्या पोशेरा गावचा. त्याने समजावून सांगितलं: भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत पसरतात, वर मातीचा थर देतात आणि पाऊस येण्याआधी ते जाळतात. त्या राखेत रोप जोमाने येतं. डोंगरातल्या प्रत्येक घराचा एक राब.

"म्हणजे आम्ही जाणार त्या वाटेवर सगळीकडे आग?"

"सगळीकडं नाय. घर असंल तिथंच," लखमा म्हणाला.

वाऱ्याने बलून खाली दाबला तर काय होईल ते मामांना सांगावं लागलं नाही. सगळ्यात उंच वस्ती सूर्यमाळची, घाटाआधीची शेवटची. तिथे बलून डोंगराच्या अगदी अंगावरून जाणार होता. कोणीतरी पुढे जाऊन त्या लोकांना थोडे दिवस थांबायला सांगायला हवं होतं. दोरखंडवाल्यांची तुकडी तशीही पुढे पाठवायची होती. बलून घाटापलीकडे उतरू लागला की धावून त्याचा दोर धरायला माणसं लागतात, आणि त्यांच्यासाठी घाटमाथ्यावर टांगेही ठरवून ठेवले होते.

"ही डिकरी जाऊ दे नी," रुस्तमजी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "घरोघर बाईमाणूस असते. आपल्याला बघून दार लावून घेल."

माझ्याशी अनोळखी माणूस बोललं की माझे कान लाल होतात. मला नाही म्हणायचं होतं. पण इतक्या माणसांसमोर नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं. सोबत तांडेल आणि लखमा होतेच, शिवाय तांडेलची बायको हिराबाई येणार होती, तेव्हा जव्हारपर्यंत आमच्याबरोबर आलेल्या मामींचीही हरकत उरली नाही.

पोशेरा

पोशेऱ्यात लखमाच्या घरी जेवलो. नागलीची भाकर, आमच्याकडे नाचणी म्हणतात तीच, पण आमच्याकडे ती आजाऱ्याला देतात आणि इथे ती खाऊन माणसं डोंगर चढतात. सोबत उडदाची आमटी आणि कैरीचा ठेचा. गिरगावात आमच्या स्वयंपाकघराचे नियम फार आहेत. मी त्यातले सगळे त्या एका पंगतीत मोडले आणि दुसरी भाकर मागून घेतली.

अंगणात बाया मोहाची फुलं वाळत घालत होत्या. मला वाटलं, सूर्यमाळच्या आधी इथेच सराव करावा. मी त्यांना वायूचं, ठिणगीचं, वाऱ्याच्या थरांचं सगळं नीट सांगितलं. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग एकीने दुसरीला काहीतरी म्हटलं आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

"काय म्हणाली?" मी लखमाला विचारलं.

"म्हंते, पोपटागत बोलते. गोड हाय, पन काय पाहिजे ते कळत नाय." तोही हसत होता. "बाय, तू लई सांगतंस. सूर्यमाळेला सोनीबायला धर. तिचं घर तिथं सगळ्यात आधी वसलेलं. तिचा राब आधी पेटतो. तिचा धूर दिसला का मंग बाकीचे पेटवतात. ती थांबली तं सगळे थांबले."

हे मी लक्षपूर्वक ऐकलं, आणि त्यातला मला हवा होता तेवढाच भाग लक्षात ठेवला.

सूर्यमाळ

सूर्यमाळ म्हणजे एक गाव नव्हे. दाट झाडीतून वर आलं की डोंगराच्या पाठीवर इथे चार घरं, तिथे सहा घरं असे पाडे विखुरलेले दिसतात. हवा गोड, सावली थंड, आणि पाणी नाही. बाया उतारावरून खोल खाली जातात, झऱ्याच्या खड्ड्याशी बसतात, तळाशी जमेल तसं करवंटीने पाणी हंड्यात भरतात आणि पुन्हा जमायची वाट पाहतात. जव्हारला आम्ही वायू करून पाहिला तेव्हा तो धुवायला पिंपंच्या पिंपं पाणी ओतलं होतं. इथे तोंड धुताना मला ते आठवायचं आणि मी हात आखडता घ्यायची.

सोनीबाई तिथेच भेटली, खड्ड्याच्या काठावर. केस पांढरे, पाठ ताठ. मी यावेळी थोडंच बोलले: माझा मामा आभाळातून मोठ्या पिशवीला लटकून येणार आहे, खाली आग असली तर पिशवी जळेल, मामा मरेल. तो जाईपर्यंत राब पेटवू नका.

"तुजा मामा पाऊस धरून ठेवल काय?"

"नाही."

"मंग मी राब कशाला धरून ठेवू? भिजला का जळत नाय तो. मंग तुजा मामा भात आनून देल?"

तिने करवंटी भरली, हंड्यात ओतली. खाली पाणी पुन्हा जमायला लागलं. मी बसून राहिले. उठून जाणं सोपं होतं, म्हणूनच उठले नाही.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "राब जळताना आग रानात जाऊ नये म्हणून काय करता?"

"राखन करतो. हिरवी फांदी घेऊन कडेला उभं राहायचं. गवतानं धरलं का झोडायचं. पानी कुठं हाय?" तिने हंडा जवळ सरकवून घेतला. "यंदा मानसं नायत. बाप्ये लाकूडतोडीला गेलेत. एकाचा राब जळला का दुसरा, अशा पाळीनं जाळायचं ठरवलंय. म्हनून तं आधी सुरू करायचं."

"तुम्ही थांबा," मी म्हणाले. "बलून गेला की तुमच्या राबाला आम्ही सगळे राखणीला उभे राहू. आग विझेपर्यंत."

"तू?"

"मीही."

आजूबाजूच्या बाया हसल्या. "हिचे हात बग," एक म्हणाली. "कापसाचे हायेत!"

सोनीबाईने माझा हात ओढून घेतला. सुईने माझ्या बोटांची टोकं कठीण झाली आहेत. ती तिने अंगठ्याने दाबून पाहिली. "हं," ती म्हणाली. "शब्द दिलास बग."

जव्हारला पठाराच्या कडेशी रुस्तमजींनी मोठा आरसा बसवला होता. रोज सकाळी तो उन्हात एकदा लकाकला तर आज उड्डाण नाही. तीनदा लकाकला तर बलून सुटला. रोज तो एकदाच लकाकत होता. वारा मनासारखा मिळत नव्हता. आमचे दिवस पाणी आणण्यात आणि तांडेलच्या तक्रारी ऐकण्यात जात होते. हिराबाई मात्र रमली. दुसऱ्याच दिवशी ती बायांबरोबर मोह वेचायला जाऊ लागली.

एका दुपारी ढग भरून आले. दूर गडगडलं. अंगणातल्या धुळीवर मोजकेच टपोरे थेंब पडले आणि थांबले. सोनीबाई दारात उभी होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती राबाकडे गेली, वरची माती हाताने चाचपली आणि परत आली.

"उद्याचा दिस," ती म्हणाली. "परवा मी पेटवनार."

जव्हारला कळवायला आमच्याकडेही आरसा होता, पण त्यातून एवढं बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आरसा तीनदा लकाकला. हिराबाईने देवाला हात जोडले, तांडेलने दोरखंड खांद्यावर घेतला. थोड्या वेळाने पश्चिमेच्या आभाळात डाळीच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. मग लिंबाएवढं. मग त्याखालची, माणसं बसायची वेताची पाटीही दिसू लागली. पाडे ओस पडले. सगळी माणसं उघड्या माळावर आली. मी शिवलेली शिवण मला खालून दिसत होती, निदान दिसते आहे असं वाटत होतं.

सुरुवातीला बलून आमच्या बाजूला येत होता. मग डोंगराजवळ येताच तो दक्षिणेकडे ढळू लागला. तिकडे वैतरणेची दरी आहे. खडक आणि रान, उतरायला हाताएवढी जागा नाही. तो थोडा वर गेला, पुन्हा ढळला. खाली आला, आणखी ढळला. वर जायला वाळू फेकावी लागते, खाली यायला वायू सोडावा लागतो, आणि दोन्ही मोजकंच असतं. मामा पाटीतून ओणवून दुर्बिणीने इकडेतिकडे पाहत होते. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"काय शोधतो तुजा मामा?" लखमाने विचारलं.

मीही वळून पाहिलं. डोंगर लख्ख दिसत होते. इतके स्वच्छ डोंगर मी आल्यापासून पाहिले नव्हते. कुठेही धूर नव्हता. आम्हीच तो थांबवला होता.

मी सोनीबाईकडे धावले. "पेटवा! तुमचा राब पेटवा!"

"काय?"

"आत्ता! वरच्यांना धूर हवाय!"

"इतके दिस नको नको करून डोकं खाल्लंस, आन आता पेटव? येडी झालीस काय वो?"

"बलून अजून लांब आहे. तुमचा राब पूर्वेच्या अंगाला आहे. एकच पेटवा. लवकर!"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग घरात जाऊन खापरावर निखारे घेऊन आली, जमिनीला हात लावून काहीतरी पुटपुटली आणि राबाच्या कडेला निखारे टाकले. आधी नुसतं धुमसलं. मग दाट, पांढरा धूर उठला. तो दक्षिणेकडे झुकत वर गेला, डोंगराच्या धारेच्या वर पोचला आणि तिथे वळून सरळ पूर्वेला, घाटाकडे वाहू लागला.

वर पाटीतून वाळूची एक धार सुटली, उन्हात चमकली. बलून चढू लागला. त्यांना दिसलं होतं.

मी आनंदाने हिराबाईचा हात धरला, आणि तेवढ्यात खालच्या पाड्यावरून दुसरा धूर उठला. मग पलीकडच्या उतारावर तिसरा. मग आमच्या मागे.

"हे काय? हे का पेटवतायत?"

"सोनीबायचा धूर दिसला ना, बाय," लखमा म्हणाला. "तुला सांगितला होता."

माळ पाहता पाहता धुराने भरला, आणि बलून बरोबर त्याच्यावर आला. मी मनात फक्त "वर, वर" म्हणत होते. वाळूची पोतीच्या पोती रिकामी होताना दिसली. मग बलून धुरात शिरला आणि दिसेनासा झाला. माझ्याजवळ कोणीतरी मोठ्याने श्वास घेत होतं. ती मीच होते. धुराच्या वरच्या टोकाला पिवळं काहीतरी चमकलं. तापलेल्या हवेने तो वर उचलला गेला होता. आता तो थेट पूर्वेला चालला होता, घाटाकडे.

"चला!" तांडेल ओरडला. "पला! दोर धराला कोन हाय तिकडं?"

मी धावणारच होते. तेवढ्यात सोनीबाईच्या राबाच्या कडेला गवताने पेट घेतला. पाळीने जळायचे ते सगळे राब एकदम पेटले होते; प्रत्येक घर आपापल्या आगीपाशी गुंतलं होतं, आणि सोनीबाई एकटीच फांदी घेऊन गवत झोडत होती. पुढे रान, वाळलेलं. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

"तांडेल, आपण थांबतोय."

"बाय, मामा हाय तुजा तो!"

"माहीत आहे. मी शब्द दिलाय."

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी ऐनाच्या झाडाची फांदी मोडली आणि आगीच्या कडेला गेले. तांडेल दोन्हीकडे बघत उभा राहिला. मग त्याने खांद्यावरचा दोरखंड रागाने खाली टाकला आणि मोठी फांदी ओढून घेतली. हिराबाई माझ्याआधीच झोडत होती, लखमा पलीकडच्या बाजूला. फांदी आपटायची, दाबायची, पुढे सरकायचं. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बलूनने घाट ओलांडला तो क्षण, ज्यासाठी आम्ही हे सगळं केलं, तो मी पाहिला नाही. माझी त्याच्याकडे पाठ होती.

ऊन उतरायच्या सुमाराला आग राबापुरती राहिली आणि मग बसली. रानाला लागली नाही. सोनीबाईने आम्हाला नागलीची आंबील दिली. माझे हात तिने पुन्हा एकदा उलटेपालटे करून पाहिले. काळे झाले होते आणि एका तळव्याला फोड आला होता.

"राहिलीस," ती म्हणाली. एवढंच.

नाशिक

त्र्यंबकला पोचलो तेव्हा बाजारात तीच चर्चा होती. एक पेढेवाला शपथेवर सांगत होता की पिशवीत साहेब बसला होता आणि त्याने टोपी काढून नमस्कार केला. म्हणजे घाट ओलांडला होता. पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. नाशिकपर्यंतच्या वाटेवर आम्ही चौघे भेटेल त्याला बलूनबद्दल विचारत राहिलो.

नाशिकच्या धर्मशाळेच्या ओवरीत मामा बसले होते. तोंडावर काट्यांचे ओरखडे. शेजारी रुस्तमजी, हात गळ्यात बांधलेला. निफाडच्या पुढे, काळ्या रानात ते उतरले होते. कोणालाही वाटलं नव्हतं इतक्या दूर. पण दोर धरायला माणूस नव्हतं, आणि बलूनने त्यांना बाभळींतून फरफटत नेलं होतं. रेशमाची चिंधी चिंधी झाली होती.

मी पाया पडले. मामांनी आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "तुम्ही मागून येणार होतात. कुठे अडकलात?"

"सूर्यमाळेला."

"धूर केलात, तो आम्ही पाहिला. एकाऐवजी सगळा डोंगर पेटवलात, तेही पाहिलं. त्यानंतर तिथे काय काम होतं?"

तांडेल घसा खाकरून माझ्या वतीने बोलायला पुढे झाला. मी त्याला थांबवलं.

"राखण करायची होती. बलून गेला की तिथल्या सोनीबाईच्या राबाला राखणीला उभं राहू, असं कबूल केलं होतं. त्या अटीवर ती थांबली होती, आणि तिच्यामुळे बाकीचे."

मामा काही बोलणार होते. रुस्तमजींनी चांगल्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "दिनकर, आता गप बस नी. तो धूर नव्हता तर आपण आज वैतरणाच्या खड्ड्यात असता. हात काय, हात जुळून येते."

मामा माझ्या लुगड्याच्या जळक्या काठाकडे पाहत राहिले. मग उठले, ओवरीच्या कडेशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. नदीकडे पाहत होते की आभाळाकडे, सांगता येत नाही.

"त्या बाईंचा राब," ते म्हणाले, "नीट जळला का?"

"जळला," मी म्हणाले. "आम्ही निघालो तेव्हा माती अजून गरम होती."